कर्नलमधले वळसे: स्वतःलाच बोलावणारी फंक्शन्स शोधायची कशी आणि त्यांची नोंद ठेवायची कशी

नांदेड, लातूर, परभणी किंवा छत्रपती संभाजीनगर इथे संगणक अभियांत्रिकी शिकणाऱ्या विद्यार्थ्याची रिकर्शनशी, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच कॉल करण्याशी, पहिली ओळख होते ती फॅक्टोरियल किंवा टॉवर ऑफ हनोईच्या निमित्ताने, आणि तिथे रिकर्शन अगदी निरुपद्रवी असते. थांबण्याची अट चुकली तर प्रोग्राम बंद पडतो, विद्यार्थी चूक दुरुस्त करतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. तीच चूक ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये झाली, तर एक प्रोग्राम बंद पडून भागत नाही. संपूर्ण यंत्र थांबते, किंवा न थांबता चुकीच्या मेमरीवर लिहीत राहते, आणि ही दुसरी शक्यता पहिलीपेक्षा कितीतरी वाईट आहे. म्हणून कर्नलच्या कोडमध्ये कोणते फंक्शन थेट किंवा फिरून स्वतःपर्यंत पोहोचते, हे शोधणे आणि शोधल्यावर नीट लिहून ठेवणे हे स्वतंत्र काम मानले पाहिजे. शोधण्याचे बरेचसे काम साधने करतात. लिहिण्याचे काम माणसालाच करावे लागते, आणि नेमके तेच बहुतेक ठिकाणी अर्धवट राहते.

रिकर्शनमध्ये धोका कुठे असतो, हे मराठवाड्यातल्या माणसाला बारवेवरून चटकन समजेल. परभणी जिल्ह्यात वालूरला किंवा चारठाण्याला असलेल्या बारवेत उतरणारा माणूस पायरी-पायरीने खाली जातो, पाण्याला हात लागला की वळतो आणि जितक्या पायऱ्या उतरला तितक्याच चढून वर येतो. फंक्शनने स्वतःला कॉल केले की स्टॅकवर, म्हणजे अपुऱ्या कॉलची माहिती एकावर एक रचून ठेवणाऱ्या मेमरीच्या भागावर, एक नवी फ्रेम तयार होते. ती त्या उतरणीतली एक पायरी होय. फ्रेममध्ये परत कुठे जायचे तो पत्ता, जपून ठेवलेले रजिस्टर आणि स्थानिक चल असतात, आणि आतले काम संपेपर्यंत तिला हात लावता येत नाही. पाणी, म्हणजे थांबण्याची अट, कितव्या पायरीवर लागेल हे आधी माहीत नसेल, तर पायऱ्या पुरतील की नाही हेही माहीत नसते.

कर्नलमध्ये या पायऱ्या फार थोड्या असतात. लिनक्सवर चालणाऱ्या साध्या प्रोग्रामला सहसा 8 एमबी इतका स्टॅक मिळतो, पण त्याच प्रोग्रामने सिस्टिम कॉल केला, म्हणजे कर्नलकडे एखादे काम मागितले, की कर्नलमधले काम एका वेगळ्या, लहान स्टॅकवर चालते. 64-बिट एक्स86 (इंटेल-एएमडी पद्धतीच्या प्रोसेसरच्या) यंत्रांवर हा कर्नल स्टॅक 2014 सालापर्यंत 8 केबी होता आणि त्या वर्षी आलेल्या 3.15 या आवृत्तीपासून तो 16 केबी झाला. म्हणजे बाहेर जितकी जागा आहे तिच्या पाचशे बाराव्या हिश्श्यात आतले सगळे आटपायचे असते. शिवाय बाहेरच्या प्रोग्रामचा स्टॅक गरजेप्रमाणे वाढत जातो, कर्नलचा वाढत नाही. पूर्वी या स्टॅकच्या अगदी तळाशी त्या प्रक्रियेची महत्त्वाची माहिती ठेवलेली असे. स्टॅक उतू गेला की ती माहितीच पुसली जाई आणि बिघाड भलत्याच ठिकाणी दिसे. 2016 च्या अखेरीस आलेल्या 4.9 या आवृत्तीपासून 64-बिट एक्स86 वर स्टॅकच्या खाली एक मोकळे, हात लावताच अडवणारे गार्ड पेज ठेवण्याची सोय झाली, त्यामुळे चूक निदान लगेच उघडकीस येते. पण यंत्र थांबायचे ते थांबतेच.

लहान यंत्रांत परिस्थिती आणखी बिकट असते. ठिबकचे व्हॉल्व्ह उघडणारे किंवा बोअरची मोटार चालू-बंद करणारे जे प्रकल्प आपल्याकडचे विद्यार्थी करतात, त्यांत वापरल्या जाणाऱ्या आर्डुइनो उनो या छोट्या बोर्डाच्या आर3 आवृत्तीच्या चिपमध्ये सगळी मिळून 2 केबी रॅम असते. स्टॅक आणि बाकीचा डेटा त्यातच बसवायचा असतो. वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकांसाठी लिहिल्या जाणाऱ्या सी कोडला लागू होणाऱ्या मिस्रा या नियमावलीने तर (2012 च्या आवृत्तीतला नियम 17.2) थेट असो वा फिरून असो, रिकर्शनच नको असे सांगून ठेवले आहे. नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतले जेरार्ड होल्झमन यांनी 2006 साली सुरक्षित कोडसाठी जे दहा नियम मांडले, त्यांतल्या पहिल्याच नियमात रिकर्शनला मनाई आहे. वाळूज किंवा शेंद्रा औद्योगिक वसाहतीत वाहनांच्या सुट्या भागांसाठी कोड लिहिण्याची ज्यांची इच्छा आहे, त्यांनी हे दोन्ही नियम वाचलेले असावेत.

सर्वसाधारण ऑपरेटिंग सिस्टिमला मात्र अशी सरसकट बंदी परवडत नाही. फोल्डरमध्ये फोल्डर, उपकरणाखाली उपकरण, एका फाइल सिस्टिमवर दुसरी फाइल सिस्टिम अशी तिची रचनाच एकात एक बसवलेली आहे. म्हणून तिथे प्रश्न वेगळा विचारावा लागतो: वळसा आहे हे ठीक, पण त्याची खोली कोण आवरते?

एक फंक्शन, जवळून

हे पाहण्यासाठी एमआयटीमध्ये शिकवण्यासाठी तयार झालेली एक्सव्ही6 ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम फार सोयीची आहे. तिचा कोड काही हजार ओळींचा आहे, मोफत मिळतो, आणि साध्या लॅपटॉपवर क्यूईएमयू या आभासी यंत्रात चालतो. रिस्क-फाइव्ह या प्रोसेसर-रचनेसाठीच्या तिच्या आवृत्तीत मेमरी सांभाळणाऱ्या फाइलमध्ये फ्रीवॉक नावाचे फंक्शन आहे. प्रक्रिया संपली की तिच्या पेज टेबलाची, म्हणजे तिचे पत्ते प्रत्यक्ष मेमरीशी जोडणाऱ्या तक्त्याची, पाने (मेमरीचे ठराविक आकाराचे तुकडे) परत करणे एवढेच त्याचे काम.

फ्रीवॉकला एका पानाचा पत्ता दिला जातो. त्या पानावर 512 नोंदी असतात. ते एकेक नोंद पाहते. नोंद वैध असून पुढच्या पातळीच्या पानाकडे बोट दाखवत असेल, तर त्या पानासाठी ते स्वतःलाच कॉल करते आणि परत आल्यावर नोंद पुसते. नोंद वैध असून प्रत्यक्ष मेमरीकडे बोट दाखवत असेल, तर आधीच्या टप्प्यात काहीतरी राहून गेले आहे असे समजून ते पॅनिक या फंक्शनला कॉल करते, म्हणजे संदेश छापून यंत्र थांबवते. सगळ्या नोंदी झाल्या की हातातले पान मोकळे करून परत फिरते.

आता याची खोली मोजू. रिस्क-फाइव्हच्या एसव्ही39 पद्धतीत पत्ता 39 बिटांचा असतो; त्यातले शेवटचे 12 बिट पानाच्या आतली जागा सांगतात आणि उरलेले 27 बिट नऊ-नऊच्या तीन गटांत विभागलेले असतात. म्हणून पेज टेबलाच्या पातळ्या तीनच. एका वेळी स्टॅकवर फ्रीवॉकच्या जास्तीत जास्त तीन फ्रेम असू शकतात. समजा एक फ्रेम 64 बाइटची आहे, तर तिन्ही मिळून 192 बाइट. एक्सव्ही6 चा कर्नल स्टॅक 4096 बाइटचा आहे, त्यात हे सहज मावते. इथे एक घोटाळा हमखास होतो. पूर्ण भरलेल्या एसव्ही39 टेबलावर फ्रीवॉक एकूण 2,62,657 वेळा कॉल होईल, आणि हा आकडा पाहून घाबरून जाणारे पुष्कळ असतात. पण स्टॅकला एकूण कॉल किती झाले याच्याशी काही देणे-घेणे नाही, एका वेळी किती कॉल अपुरे आहेत याच्याशी आहे. खोली तीनच राहते.

मात्र खोली तीन आहे हे फ्रीवॉकच्या कोडमध्ये कुठेही लिहिलेले नाही. त्यात पातळी मोजणारा चल नाही. तीनची हमी येते ती टेबल बांधणाऱ्या दुसऱ्या फंक्शनकडून आणि हार्डवेअरच्या रचनेकडून. एखाद्या बिघाडामुळे टेबलातली नोंद चुकून वरच्याच पानाकडे बोट दाखवू लागली, तर फ्रीवॉक निमूटपणे स्टॅक संपेपर्यंत उतरत राहील. ही गोष्ट कॉल ग्राफ, म्हणजे कोणते फंक्शन कोणाला कॉल करते याचा आलेख, पाहून कधीच कळणार नाही. कोड समजून घेणाऱ्या माणसालाच ती कळते, आणि म्हणून तीच नोंदवहीत सर्वांत आधी जायला हवी.

शोधण्याची रीत

स्वतःला थेट कॉल करणारे फंक्शन डोळ्यांनीही सापडते. अवघड असतात ते फिरून येणारे वळसे, ज्यांत पहिले फंक्शन दुसऱ्याला, दुसरे तिसऱ्याला आणि तिसरे परत पहिल्याला कॉल करते, तेही वेगवेगळ्या फाइलींत आणि वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेल्या कोडमध्ये. त्यासाठी आधी कॉल ग्राफ काढावा लागतो: प्रत्येक फंक्शन म्हणजे एक बिंदू आणि प्रत्येक कॉल म्हणजे एका बिंदूकडून दुसऱ्याकडे जाणारा बाण. सोर्स कोड वाचून असा आलेख काढणारे सीफ्लो हे जुने साधन आहे. जीसीसी कंपाइलरच्या 2020 साली आलेल्या दहाव्या आवृत्तीपासून कंपाइल करतानाच कॉल ग्राफची माहिती फाइलमध्ये उतरवून घेता येते, आणि तिच्यासोबत प्रत्येक फंक्शनच्या फ्रेमचा आकारही मिळतो. मला ही दुसरी वाट अधिक भरवशाची वाटते, कारण मॅक्रोच्या आत दडलेले कॉल आणि इनलाइन होऊन (फंक्शनचा मजकूर कॉलच्या जागीच उतरवला जाऊन) नाहीसे झालेले कॉल यांचा हिशेब कंपाइलरकडे असतो. फंक्शनच्या अगदी शेवटी केलेला स्वतःचाच कॉल तर कंपाइलर पुष्कळदा साध्या लूपमध्ये बदलून टाकतो, तेव्हा सोर्समध्ये दिसणारे रिकर्शन यंत्रात उरलेलेच नसते. अर्थात कंपाइलरच्या या मेहेरबानीवर विसंबून राहू नये. पर्याय बदलले की ती निघून जाते.

आलेख हाती आला की त्यातल्या गाठी शोधायच्या. ज्या बिंदूंच्या गटात कुठूनही कुठेही बाणांच्या वाटेने जाता येते, तो गट म्हणजे एक गाठ. रॉबर्ट टार्जन यांनी 1972 साली दिलेली पद्धत असा संपूर्ण आलेख एकदाच फिरून सगळ्या गाठी वेगळ्या करते, त्यामुळे लाखो फंक्शन्स असली तरी वेळ आटोक्यात राहतो. एकाहून अधिक फंक्शन्स असलेली प्रत्येक गाठ, आणि स्वतःकडेच बाण असलेले प्रत्येक एकटे फंक्शन, हे आपले संशयित. ज्यांना ही पद्धत पायथॉनमध्ये लिहायची आहे, त्यांनी ती लूप आणि स्वतःची यादी वापरून लिहावी. तिचे पुस्तकी रूप रिकर्शनवर चालते आणि पायथॉनची मूळ मर्यादा सुमारे 1000 कॉलची असल्याने मोठ्या कर्नलवर ते मध्येच थांबते.

एक्सव्ही6 वर हे करून पाहिले की पहिला धक्का पॅनिक देते. पॅनिक संदेश छापण्यासाठी प्रिंटएफला कॉल करते. प्रिंटएफ आपले लॉक (एका वेळी एकालाच काम करू देणारे कुलूप) घेण्यासाठी अ‍ॅक्वायरला कॉल करते. आणि हेच लॉक याच प्रोसेसरकडे आधीपासून असेल, तर अ‍ॅक्वायर पॅनिकला कॉल करते. वळसा पूर्ण झाला. लॉक सोडणारे रिलीजही चूक आढळली की पॅनिककडेच जात असल्याने तेही त्याच गाठीत येऊन पडते, आणि पाहता पाहता छपाई आणि लॉक यांच्याशी संबंधित बरीच फंक्शन्स एकमेकांत गुंतलेली दिसू लागतात. प्रत्यक्षात पॅनिक आधी एक खूण करून ठेवते आणि ती खूण दिसली की प्रिंटएफ लॉक घेण्याच्या फंदात पडत नाही, त्यामुळे ही साखळी त्या वाटेने पुन्हा फिरत नाही. आलेखाला मात्र खुणा समजत नाहीत. त्याला फक्त बाण दिसतात. कोणता बाण प्रत्यक्षात कधीच चालला जाणार नाही, हे सर्व प्रोग्रामसाठी अचूक सांगणारे साधन तत्त्वतःच बनवता येत नाही, म्हणून सावध साधन जास्तीचे वळसे दाखवणार हे धरूनच चालावे. व्यवहारात पॅनिकमधून बाहेर जाणारे बाण तोडून आलेख पुन्हा तपासावा, कारण पॅनिकमधून कोणी परत येत नाही. पण बाण तोडले आहेत आणि का तोडले आहेत, हे त्याच वेळी लिहून ठेवावे. पॅनिक दुसऱ्यांदा का शिरू शकत नाही याचे कारणही तिथेच यावे.

उलट बाजूने, काही बाण आलेखात येतच नाहीत. कर्नलमध्ये अनेक कॉल फंक्शन पॉइंटरमधून, म्हणजे फंक्शनचे नाव न घेता चलात ठेवलेल्या त्याच्या पत्त्यावरून, होतात. एक्सव्ही6 मध्ये सिस्टिम कॉलचा क्रमांक घेऊन 21 नोंदींच्या तक्त्यातून योग्य ते फंक्शन निवडले जाते. उपकरणांच्या वाचन-लेखनासाठी असाच दुसरा तक्ता आहे. लिनक्समध्ये तर प्रत्येक फाइल सिस्टिम आपल्या फंक्शन्सचा असा तक्ता घेऊन येते, आणि एका फाइल सिस्टिमवर दुसरी बसवली की वाचण्याचे फंक्शन पॉइंटरमधून पुन्हा वाचण्याच्याच फंक्शनवर येते, जरी सोर्समध्ये कोणीही स्वतःचे नाव घेतलेले नसते. यावर ठोकळ उपाय असा की पॉइंटरचा प्रकार ज्या ज्या फंक्शन्सशी जुळतो, त्या सगळ्यांकडे बाण काढायचा. त्याने खोटे वळसे वाढतात, पण पॉइंटरचा प्रकार मध्येच बदललेला नसेल तर खरा निसटत नाही. लहान कोडमध्ये तक्ते हाताने वाचून बाण जोडणे अधिक चांगले, आणि एक्सव्ही6 एवढा कोड एका सत्रात दोघा-तिघांनी मिळून सहज वाचून होतो.

इंटरप्ट, म्हणजे चालू काम मध्येच थांबवून उपकरणाने मागितलेले लक्ष, हा आणखी एक न दिसणारा कॉल. एक्सव्ही6 मध्ये कर्नलचे काम चालू असताना इंटरप्ट आला, तर त्याच स्टॅकवर रजिस्टर जपण्यासाठी आधी 256 बाइट घेतले जातात आणि मग पुढची फंक्शन्स चालतात. हे बाइट कोणत्याही फंक्शनच्या नावावर नसतात, तरी सर्वांत खोल क्षणी त्यांना जागा लागतेच. लिनक्सने एक्स86 वर हार्डवेअर इंटरप्टसाठी वेगळा स्टॅक ठेवून हा भार बाजूला काढला आहे.

खोली कोण आवरते

लिनक्समध्ये याची उत्तरे निरनिराळी सापडतात. नेटवर्कमध्ये एका बोगद्यातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा असे आभासी मार्ग रचता येतात आणि पाकीट पाठवणारे फंक्शन फिरून स्वतःकडे येते. तिथे एक मोजणीचा आकडा ठेवला आहे आणि मर्यादा 8 आहे. मेमरीच्या बाबतीत मोजणी नसून खूण आहे. मेमरी मागितली, ती नव्हती म्हणून जुनी पाने डिस्कवर लिहायला घेतली, लिहिण्यासाठी फाइल सिस्टिमला बोलावले, आणि फाइल सिस्टिमने पुन्हा मेमरी मागितली, असा वळसा होऊ नये म्हणून मागणी करतानाच 'फाइल सिस्टिमकडे जाऊ नका' असे सांगणारी खूण जोडता येते. डिस्कवर डिस्क रचणाऱ्या थरांत प्रत्येक थर खालच्या थराला तेच फंक्शन वापरून काम सोपवत असे. 2007 साली तिथे रिकर्शन काढून, आलेली कामे एका यादीत ठेवायची आणि बाहेरच्या लूपने ती उचलायची, अशी व्यवस्था करण्यात आली.

सिम्बॉलिक लिंकची, म्हणजे दुसऱ्या फाइलच्या मार्गाकडे बोट दाखवणाऱ्या फाइलची, गोष्ट मला विशेष शिकवणारी वाटते. एक लिंक दुसऱ्या लिंककडे आणि ती तिसरीकडे बोट दाखवते, तेव्हा मार्ग उलगडणारे कर्नलमधले फंक्शन पूर्वी स्वतःला कॉल करत असे, आणि स्टॅक संपू नये म्हणून एकात एक 8 लिंकचीच परवानगी होती. एका मार्गात एकूण 40 ही वेगळी मर्यादा होती. ऑगस्ट 2015 मध्ये आलेल्या 4.2 या आवृत्तीसाठी लिनक्सच्या फाइल सिस्टिमचा भाग सांभाळणारे अल व्हिरो यांनी हा भाग रिकर्शनशिवाय नव्याने लिहिला, तेव्हा 8 ची मर्यादा गेली आणि 40 ची राहिली. म्हणजे वापरणाऱ्याला जाणवणारी एक मर्यादा मुळात केवळ स्टॅकच्या लांबीमुळे आलेली होती. नोंद ठेवताना मर्यादेचे कारण का लिहावे, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

पीसीआय उपकरणे, म्हणजे यंत्रातल्या बस नावाच्या जोडवाटांवर बसवलेली कार्डे वगैरे, शोधणारा कोड याच्या उलट टोकाला आहे. बस तपासणारे फंक्शन दोन बस जोडणारा पूल (ब्रिज) तपासणाऱ्या फंक्शनला कॉल करते, आणि पुलापलीकडे नवी बस दिसली की ते परत पहिल्याला. बसचा क्रमांक 8 बिटांचा असल्याने एका विभागात 256 हून अधिक बस असूच शकत नाहीत, म्हणजे मर्यादा आहे. पण 16 केबीला 256 ने भागले तर एका फेरीच्या वाट्याला 64 बाइट येतात, आणि दोन फंक्शन्सच्या फ्रेमना तेवढे पुरत नाहीत. खऱ्या यंत्रांत बसची उतरंड काही पातळ्यांचीच असते म्हणून अडचण येत नाही. अशा ठिकाणी नोंदीत 'मर्यादा आहे' एवढेच लिहिणे दिशाभूल करणारे ठरेल. मर्यादा हार्डवेअरच्या रूढ रचनेवर विसंबून आहे, असे लिहावे लागेल.

नोंद कशी असावी

फ्रीवॉकसाठी मी अशी नोंद लिहीन: 'स्वतःला थेट कॉल करते. एका वेळी जास्तीत जास्त 3 फ्रेम, कारण एसव्ही39 टेबलाच्या पातळ्या 3. ही मर्यादा या फंक्शनमध्ये तपासली जात नाही. टेबल बांधणाऱ्या कोडवर विसंबून आहे. टेबल बिघडले असल्यास स्टॅक संपेल. फ्रेमचा आकार कंपाइलरच्या अहवालातून घ्यावा. पातळ्या बदलल्यास ही नोंद बदलावी.' एवढ्या मजकुरात वाचणाऱ्याला वळसा कसा आहे, तो कोण आवरतो, आवरला नाही तर काय होईल आणि ही नोंद कधी शिळी होईल, हे सगळे कळते. 'हे फंक्शन रिकर्सिव्ह आहे' ही एका वाक्याची नोंद यातले काहीच सांगत नाही. ती तर कोडकडे पाहूनही दिसते.

फिरून येणाऱ्या वळशाची नोंद कुठे लिहायची हा प्रश्न खरोखर अवघड आहे, कारण तो कोणा एका फंक्शनच्या मालकीचा नसतो. माझ्या मते संपूर्ण नोंद तिथे असावी, जिथे खोली आवरणारी तपासणी आहे, आणि वळशातल्या बाकीच्या फंक्शन्समध्ये त्या जागेकडे पाठवणारी एकेक ओळ असावी. तपासणीच नसेल, तर नोंद लिहायला बसल्याबरोबर ती उणीव समोर येते, आणि तेवढ्यासाठी तरी लिहिण्याचे कष्ट सार्थकी लागतात.

लिहिलेली नोंद कोडबरोबर चालत राहावी यासाठी सापडलेल्या गाठींची यादी कोडसोबतच एका साध्या फाइलमध्ये ठेवावी, आणि प्रत्येक बिल्डच्या, म्हणजे कोड नव्याने कंपाइल करून जोडण्याच्या, वेळी आलेखातून निघालेली नवी यादी तिच्याशी ताडून पाहावी. यादीत नसलेली गाठ दिसली की बिल्ड थांबावा, मग ज्याने बदल केला त्याने एक तर वळसा काढावा किंवा त्याची नोंद लिहून यादीत भर घालावी. फ्रीवॉकसारख्या ठिकाणी मात्र ही ताडणीही अपुरी आहे: उद्या एखाद्या विद्यार्थ्याने एक्सव्ही6 ला 48 बिटांच्या पत्त्यांकडे नेले, तर पातळ्या 4 होतील, पण गाठ तीच राहील आणि बिल्ड काहीच बोलणार नाही. तिथे पातळ्यांचा आकडा कोडमध्ये एका नावाने ठेवावा, फ्रीवॉकला पातळी हा दुसरा आर्ग्युमेंट द्यावा, आणि शून्याच्या खाली उतरण्याची वेळ आली की त्याने पॅनिक करावे.